पंचाच्या खुर्चीत पक्ष नको

गावात बाई सरपंच झाली की आपण पहिला प्रश्न विचारतो : सही तिची, पण कारभार कोणाचा? गेली तीस वर्षे शिबिरांमधून, मेळाव्यांमधून, बचतगटांच्या बैठकांमधून हा प्रश्न आपण इतक्या वेळा मांडला आहे की 'सरपंचपती' म्हणजे काय हे आता कोणालाच समजावून सांगावे लागत नाही. खुर्चीवर एक आणि खुर्चीमागे दुसरा, हे चित्र ओळखायला चळवळीने आपल्याला शिकवले. तीच नजर आता आणखी एका खुर्चीकडे वळवावी, असे मला वाटते. ही खुर्ची निवडून आलेल्याची नाही. निवडणूक घेणाऱ्याची, तिची तयारी करणाऱ्याची आणि निवडणूक होईपर्यंत गाव सांभाळणाऱ्याची आहे. तिथे बसणाऱ्याने कोणाचेही नसावे, अशी कायद्याची अपेक्षा असते. तिच्यावर पक्षाचा माणूस बसला, किंवा तिच्यामागे पक्ष उभा राहिला, तर निम्म्या जागा राखीव असूनही बायकांच्या हाती काय उरते?

निवडणूक म्हटली की आपल्याला मतदानाचा दिवस आठवतो. प्रत्यक्षात बरेचसे काम त्याआधीच उरकलेले असते. गावाचे प्रभाग कसे पाडायचे, कोणता प्रभाग स्त्रियांसाठी राखीव ठेवायचा, कोणाचे नाव कोणत्या यादीत जाणार, कोणाचा अर्ज छाननीत बाद होणार आणि मुळात निवडणूक वेळेवर होणार की नाही, हे सगळे आधी ठरते. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कागद तयार करते आणि कोणीतरी सही करते. तहसीलदार, निवडणूक निर्णय अधिकारी, मतदार यादीचे काम करणारी अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक, ग्रामपंचायतीचे दप्तर सांभाळणारा कर्मचारी, आणि या सर्वांच्या वर राज्य निवडणूक आयोग. यांतल्या एकालाही लोकांनी निवडून दिलेले नसते. म्हणूनच त्यांच्याकडून एकच गोष्ट मागता येते, निःपक्षपातीपणा.

ही मागणी किती सहज गुंडाळून ठेवता येते हे महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिले. करोनाच्या साथीमुळे ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे गेल्या होत्या. त्या वर्षात मुदत संपणाऱ्या ग्रामपंचायतींची संख्या चौदा हजारांच्या वर होती. तिथे प्रशासक नेमणे भाग होते. सरकारने जूनमध्ये ग्रामपंचायत कायद्यात अध्यादेशाने बदल केला आणि जुलैमध्ये शासन निर्णय काढला. त्यानुसार सरकारी कर्मचारीच नव्हे, तर कोणीही 'योग्य व्यक्ती' प्रशासक होऊ शकणार होती. नेमणूक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने करायची होती, पण पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने. पालकमंत्री म्हणजे सत्ताधारी पक्षाचा नेता. त्याच्या दृष्टीने गावात 'योग्य' कोण ठरणार, हे सांगायला ज्योतिषी नको! एका जिल्ह्यात तर सत्ताधारी आघाडीतल्या एका पक्षाने, प्रशासक होऊ इच्छिणाऱ्यांनी पक्षनिधीत अकरा हजार रुपये भरावेत असे पत्रक काढल्याच्या बातम्या आल्या. गावोगावचे कार्यकर्ते तयारीला लागले होते.

हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रशासक सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतला असावा, तसा माणूस मिळतच नसेल तर त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने जुलैअखेर दिला. त्यानंतर विस्तार अधिकाऱ्यांसारखे कर्मचारी प्रशासक झाले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी १४ हजार २३४ ग्रामपंचायतींची निवडणूक पार पडली. सरकारचे म्हणणे होते की इतक्या गावांना पुरतील इतके अधिकारी नाहीत. ही अडचण खरीच होती. पण अधिकारी कमी पडतात म्हणून पंचाची शिट्टी एका संघाच्या खेळाडूकडे द्यायची, हे कोणत्या खेळात चालते?

कोणी म्हणेल, प्रशासक काही निवडणूक घेत नाही, तो फक्त कारभार पाहतो. कागदावर हे बरोबर आहे. पण ज्यांनी एखाद्या बाईला ग्रामपंचायतीला उभे केले आहे त्यांना ठाऊक आहे की उमेदवारी अर्जाची निम्मी लढाई ग्रामपंचायतीच्या कचेरीतच होते. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नाही असा दाखला तिथूनच घ्यावा लागतो. घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे, हे तिथेच सिद्ध करावे लागते. सरकारी जागेवर अतिक्रमण नाही, दोनपेक्षा जास्त अपत्यांच्या अटीत आपण बसत नाही, या प्रश्नांचे कागदही तिथल्याच दप्तरात असतात. पुरुष उमेदवार हे दाखले चहा पितापिता मिळवतो. बाईला त्यासाठी चार खेपा घालाव्या लागतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते, पट्टी कोणी भरली नाही हे तिला माहीत नसते आणि अर्ज भरण्याची मुदत तर मोजक्या दिवसांची असते. अशा वेळी कचेरीत बसलेला प्रशासक प्रतिस्पर्धी पॅनेलचा माणूस असेल, तर त्याला काहीही बेकायदा करावे लागत नाही. 'उद्या या' एवढे म्हणणे पुरते. दोनदा 'उद्या या' म्हटले की एका बाईची उमेदवारी संपते.

इथे चौलमध्ये काम करताना हे रोज दिसते. चौल म्हणजे नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये पसरलेले, पाखाड्यापाखाड्यांचे गाव. जवळच खाडीकाठची कोळी वस्ती, वर डोंगराच्या बाजूला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. एका पाखाडीची सीमा इकडची तिकडे झाली तर प्रभागाचे सगळे गणित बदलते. अलिबाग तालुक्यात पक्ष घराघरात आहेत. कोण शेकापचे, कोण काँग्रेसचे, कोण शिवसेनेचे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले. त्यात काही वाईट नाही. पक्षामुळे गावातल्या सामान्य माणसाला जिल्ह्यापर्यंत आवाज मिळतो, आणि बायकांनी पक्षात जावे, तिथे पदे मागावीत, असेच आपण सांगत आलो आहोत. प्रश्न पक्ष असण्याचा नाही. उमेदवार पक्षाचा असावा, प्रचार पक्षाचा असावा, मतदान केंद्रातला प्रतिनिधीही पक्षाचा असावा. पण त्याच टेबलापलीकडे यादी घेऊन बसलेली व्यक्ती कोणाचीही नसावी.

आमच्याकडच्या एका बचतगटाच्या बैठकीत मतदार याद्यांचा विषय निघाला, तेव्हा लग्न होऊन गावात आलेल्या मुलींचे काय होते ते कळले. माहेरच्या यादीतून नाव कमी झालेले, सासरच्या यादीत आलेले नाही. टाकलेल्या बाईचे तर दोन्हीकडून जाते. सासरचे लोक 'ती इथे राहत नाही' म्हणतात आणि माहेरी भाऊ 'तिचे घर तिकडे' म्हणतो. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण रेशनकार्डासाठी भांडलो, घरावर नाव लागावे म्हणून भांडलो. मतदार यादीतले नाव हाही त्याच लढ्याचा भाग आहे. यादीचे काम करणारी अंगणवाडी सेविका तुटपुंज्या मानधनावर घरोघर फिरते. 'हे नाव राहू दे, ते काढ' असे तिला गावातला पुढारी सांगतो, तेव्हा ती कोणाच्या आधारावर नाही म्हणणार? तिच्या वरचा अधिकारी निःपक्ष असेल तरच तिला ताठ उभे राहता येईल.

ग्रामपंचायतीची निवडणूक महाराष्ट्रात पक्षचिन्हावर होत नाही. पॅनेले पक्षांचीच असतात हे उघड आहे, तरी कायद्याने ठेवलेल्या या मोकळ्या जागेचा बायकांना उपयोग झाला आहे. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी महिला आघाडीने गावोगावच्या बायकांना पंचायतीत उतरायला सांगितले, आणि जळगावातील विटनेर, यवतमाळातील मेटीखेडा अशा गावांत पूर्णपणे बायकांची पॅनेले निवडून आली. तेव्हा आजच्याइतक्या राखीव जागा नव्हत्या. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, महाराष्ट्रात निम्म्या जागा २०११ च्या कायद्याने आल्या. कोणत्याही पक्षाचे तिकीट न मागता बाई उभी राहू शकते अशी ही निवडणूक. तिथेही पालकमंत्र्याच्या मर्जीचा माणूस पंच म्हणून बसला, तर हा दरवाजा उघडा असून नसल्यासारखा होईल.

आपल्या शेजारच्या गोव्यात हेच वरच्या पातळीवर घडले, आणि त्याची किंमत थेट स्त्रियांच्या जागांनी मोजली. गोव्यातील अकरा नगरपालिकांच्या निवडणुका २०२१ मध्ये व्हायच्या होत्या. तिथे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्या कायदा सचिवाकडे होता. म्हणजे सरकारचा नोकर सरकारवर लक्ष ठेवणार! प्रभागांचे आरक्षण जाहीर झाले तेव्हा मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच नगरपालिकांच्या आरक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना, असे घटना सांगते. 'किमान' या शब्दाचा अर्थ सरळ आहे : दहा प्रभाग असतील तर राखीव जागा तीन नव्हेत, चार. अपूर्णांक आला की तो बायकांच्या वाट्यातून कापायचा, ही सवय जुनी आहे. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी या पाच ठिकाणचे आरक्षण रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १२ मार्च रोजी त्याहून मोठी गोष्ट सांगितली : सरकारी पदावर असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच असला पाहिजे, आणि हे सर्व राज्यांना लागू आहे. बायकांच्या जागांची चुकलेली बेरीज तपासताना देशातल्या सगळ्या निवडणूक आयुक्तांच्या स्वातंत्र्याचा निकाल लागला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

महाराष्ट्रात मात्र उलट दिशेने एक पाऊल पडले. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदे करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. निमित्त ओबीसी आरक्षणाचे होते, आणि ते आरक्षण टिकवण्याचा प्रश्न खरा व महत्त्वाचा होता. पण प्रभागाची रेघ सरकारने ओढायची, म्हणजे जो पक्ष सत्तेवर असेल त्याने ओढायची, यावर सत्ताधारी आणि विरोधक यांचे एकमत झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सगळे पक्ष एखाद्या गोष्टीवर एकमताने हात वर करतात, तेव्हा आपण जरा जास्त सावध व्हायला हवे.

पुढे काय झाले? रायगडसह पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत त्याच मार्चमध्ये संपली आणि प्रशासक आले. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तीही मुदत नंतर वाढवून घेण्यात आली. रायगड जिल्हा परिषदेत २०१७ मध्ये ५९ जागा होत्या, त्यांतल्या निम्म्या बायकांच्या. त्या कार्यकाळात अध्यक्षपदावर आधी अदिती तटकरे आणि नंतर योगिता पारधी बसल्या. मार्च २०२२ पासून २०२५ संपेपर्यंत यांपैकी एकही जागा भरलेली नव्हती. राखीव जागा कोणी रद्द केल्या नाहीत, त्याविरुद्ध कोणी भाषण केले नाही, कोणाला मोर्चा काढावा लागला नाही. फक्त निवडणूक झाली नाही. पन्नास टक्क्यांचे शून्य टक्के इतक्या शांतपणे होऊ शकतात.

हा रोग आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत निवडणूक घेणारा अधिकारी स्वतःच निवडून येतो, तोही बहुधा पक्षाच्या तिकिटावर. २००० साली फ्लोरिडा राज्यात निवडणुकीच्या प्रमुख अधिकारी होत्या कॅथरीन हॅरिस. त्याच वेळी त्या जॉर्ज बुश यांच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्षाही होत्या. ज्या ५३७ मतांच्या फरकावर अध्यक्षपद ठरले, त्या निकालावर सही त्यांचीच. कोलोरॅडो राज्यातील मेसा काउंटीच्या निवडणूक अधिकारी टीना पीटर्स यांनी २०२१ मध्ये आपल्या पक्षाच्या पराभवाचा संशय धरून, अधिकार नसलेल्या माणसाला मतदान यंत्रांपर्यंत पोहोचू दिले. पुढच्या वर्षी त्या राज्याच्या प्रमुख निवडणूक अधिकारीपदासाठीच उभ्या राहिल्या आणि पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या. २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच २०२२ च्या निवडणुकीत मिशिगन, ॲरिझोना, नेवाडा या राज्यांत, आधीचा निकालच न मानणारे उमेदवार याच पदासाठी उभे होते. मतदारांनी त्यांना पाडले.

ही दोन्ही नावे बायकांची आहेत, आणि ती मी मुद्दाम घेतली. खुर्चीत बाई आली की खुर्ची आपोआप न्यायी होते, असे आपण कधी मानले नाही आणि मानू नये. आपल्याकडे नीला सत्यनारायण यांचे उदाहरण आहे. २००९ ते २०१४ या काळात त्या महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्य निवडणूक आयुक्त होत्या, आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून झालेल्या २०१२ च्या निवडणुका त्यांच्याच कारकिर्दीत पार पडल्या. पदावर बाई होती याचा आपल्याला आनंद आहेच. पण पद स्वतंत्र होते, हे जास्त मोलाचे.

स्वतंत्र आयोग काय करू शकतो याचा पुरावाही आपल्या राज्यातच आहे. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले. एका गावात आकडा दोन कोटींच्या वर गेला होता, दुसऱ्यात बेचाळीस लाखांवर. देवळासाठी पैसे, म्हणून गाव एकमताने तयार! राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. ज्या गावात सरपंचपदाचा लिलाव होतो तिथे बोली लावायला कोणती बाई उभी राहणार आहे? तिथला प्रशासक, तिथला अधिकारी, वरचा आयुक्त हे सगळे त्या लिलावात बसलेल्यांच्याच पक्षाचे असते तर 'बिनविरोध निवड' म्हणून गावाचा सत्कार झाला असता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सरकारी अधिकारी तरी कुठे निःपक्ष असतात? त्यांच्या बदल्या पुढाऱ्यांच्या हातात, त्यामुळे त्यांचे कानही तिकडेच. शिवाय अधिकारीराज म्हणजे लोकशाही नव्हे. प्रशासकाच्या काळात गावातली बाई कोणाकडे दाद मागायला जाणार? हे सगळे मान्य. पण अधिकाऱ्याला नियम दाखवता येतो, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो, माहितीच्या अधिकारात त्याचा कागद मागता येतो. पक्षाच्या कार्यकर्त्याला प्रशासक केले तर त्याला फक्त पक्षच विचारू शकतो. आणि प्रशासक नको यावरचा खरा उपाय म्हणजे पाच वर्षांनी वेळेवर निवडणूक. ती वेळेवर घेण्याची ताकद स्वतंत्र आयोगाकडेच असली पाहिजे.

म्हणून आपल्या संघटनांनी काही मागण्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. राज्य निवडणूक आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात, पण प्रत्यक्षात मंत्रिमंडळ नाव ठरवते. ती नेमणूक विरोधी पक्षनेता आणि न्यायव्यवस्थेचा प्रतिनिधी असलेल्या समितीमार्फत व्हावी. केंद्रातल्या निवडणूक आयुक्तांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये अशीच समिती सांगितली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून त्यातले सरन्यायाधीश वगळले आणि त्यांच्या जागी एक केंद्रीय मंत्री बसवला, हेही आपण विसरू नये. प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडे परत द्यावेत. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतीवर कोणत्याही परिस्थितीत खासगी व्यक्ती प्रशासक नेमता येणार नाही, असे ग्रामपंचायत कायद्यातच लिहावे. यादीचे काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकांना त्या कामाचा योग्य मोबदला मिळावा आणि दबाव आला तर तक्रार करायला सुरक्षित जागा असावी.

मागण्या मंत्रालयात जायच्या तेव्हा जातील. गावात आजच करता येईल असेही पुष्कळ आहे. प्रभागांचे आरक्षण ठरवणाऱ्या सोडतीच्या ग्रामसभेला बहुतेक गावांत दहा-बारा पुरुष असतात. तिथे आपल्या पन्नास जणी बसलेल्या असाव्यात. प्रारूप मतदार यादी लागली की बचतगटाच्या बैठकीत ती मोठ्याने वाचावी. नव्या सुना, विधवा आणि परित्यक्ता यांची नावे आहेत का ते पाहावे, नसतील तर मुदतीत हरकती घ्याव्यात. निवडणुकीला वर्ष असतानाच इच्छुक बायकांचे दाखले काढून ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी 'उद्या या' म्हणणाऱ्याचे फावणार नाही. आणि दाखला नाकारला तर तो लेखी नाकारायला सांगावे. तोंडी नकार वाऱ्यावर जातो. लेखी नकारावर वर दाद मागता येते.

बाईच्या सहीमागे कोण उभे आहे ते विचारायची सवय आपण गावाला लावली. आता तहसीलदाराच्या, प्रशासकाच्या, आयुक्ताच्या सहीमागे कोण उभे आहे हेही गावाने मोठ्याने विचारायला शिकले पाहिजे. सुरुवात पुढच्या ग्रामसभेपासून करता येईल.